अर्ध्या केसांचा मत्सर

हॉलच्या दारापासून जिन्याच्या तळापर्यंत चपलांचा ढीग पडला होता, आणि आतली गर्दी त्या ढिगाला साजेशीच होती. बाया खांद्यावर टॉवेल टाकून आल्या होत्या. पुरुष "हिला सोडायला आलोय" असं सांगत पुढच्या खुर्च्या अडवून बसले होते. मंचावर निर्मळमाई उभ्या होत्या आणि त्यांच्या पुढ्यात झाकण घातलेली एक स्टीलची बादली होती. बादलीतलं पाणी दिसायला तुमच्या-आमच्या घरच्यासारखंच, पण त्याचं नाव होतं 'सत्यजल'.

"केस रंगवता ना?" माई म्हणत होत्या. आवाज असा गोड की ऐकणाऱ्याचे दात किडावेत. "रंगवा, लेकरांनो. पण लपवता कुणापासून? खोटेपणा डोक्यावर घेऊन हिंडता. हे पाणी खोटं तेवढं धुऊन काढतं. मात्र एक ध्यानात ठेवा. ज्याच्या मनात मत्सर असेल, त्याचं काळं दुसऱ्या दिवशी परत येतं. ते मी आणत नाही. त्याचं मनच आणतं."

मग काळ्याभोर केसांची एक बाई मंचावर बसवली गेली. सेविकेने तिच्या डोक्यावर सत्यजल ओतलं, वर प्लास्टिकची टोपी घातली आणि सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं. हॉलभर गुलाबाचा वास सुटला आणि त्याच्याखालून कुजक्या अंड्याचा. "हा तुमच्या पापाचा वास," माईंनी खुलासा केला, आणि शेजारच्याच्या पापाचा वास आपल्याला येतोय या समाधानात लोकांनी नाकं दाबून धरली. थोड्या वेळाने टोपी निघाली. काळा रंग गेला होता. खाली पिंगट केस आणि कानशिलाजवळ पांढऱ्या बटा होत्या. गर्दीने तोंडात बोटं घातली.

तिसऱ्या रांगेत लाँड्रीवाल्यांची थोरली सून बसली होती. तिचं लक्ष मंचाकडे कमी आणि शेजारी बसलेल्या धाकट्या जावेच्या केसांकडे जास्त होतं.

ते केस थोरलीच्या डोळ्यांत गेली कित्येक वर्षं खुपत होते. गडद तपकिरी, उन्हात गेलं की तांबूस झाक मारणारे. गिऱ्हाईक कपडे थोरलीकडून घ्यायचं आणि बोलायचं मात्र धाकटीशी. सासूबाईसुद्धा "धाकटीचे केस बघा, देवाने दिलेत" असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. देवाने मग आपल्याच वेळी हात का आखडता घेतला, हा थोरलीचा प्रश्न होता.

शेवटी तिने दुकानातून केस रंगवायचा एक डबा आणला. डब्यावरच्या बाईचे केस हुबेहूब धाकटीसारखे होते. पण थोरलीच्या केसांवर आधीच जुन्या काळ्या रंगाचे थर होते. काळ्यावर तपकिरी लावून तपकिरी होत नाही, हे त्या डब्यावरच्या बाईने काही सांगितलं नाही. रंग चढेना म्हणून थोरलीने तो तसाच डोक्यावर ठेवला, इस्त्रीचा सगळा ढीग उपसला आणि मग धुतला. केस असे काळेठिक्कर झाले की नवरा म्हणाला, "शाईत बुडी मारलीस का?" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. धाकटीने तोंडावर हात ठेवला, पण तिचे खांदे हलत होते, आणि ते खांदे थोरली विसरली नाही.

हे एवढ्यावरच राहिलं असतं. पण लाँड्रीचं दुसरं दुकान उघडायचं होतं, आणि ते दोघींपैकी कुणी चालवायचं हे सासूबाई ठरवणार होत्या. थोरलीने या घरात आल्यापासून धुलाईच्या टाक्यांपाशी हात झिजवले होते. आपलं असं एक दुकान, आपला गल्ला, आपल्या हातची किल्ली, एवढंच तिला हवं होतं. सासूबाईंनी मात्र जाहीर करून टाकलं, "किल्ली साफ मनाच्या हातात जाईल. माई सांगतील कुणाचं मन साफ." आणि हॉलच्या दारात सेविकेने "काय दुःख आहे, आजी?" असं मायेने विचारल्याबरोबर त्यांनी दुकान, किल्ली, दोन्ही सुना आणि धाकटीकडे असलेला आपला ओढा, सगळं सांगून टाकलं.

जावा पाठोपाठ मंचावर गेल्या. धाकटीची टोपी निघाली आणि थोरलीला आनंदाचा उमाळा आला. देवाने दिलेले केस डब्यातलेच निघाले होते. खाली फिकट पिंगट केस आणि भांगाजवळ चांगली मूठभर पांढरी बट. पण आनंद फार टिकला नाही. "बघा, कशी निःसंकोच बसलीय," माई म्हणाल्या, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. उघडं पडण्यातही ही टाळ्या मिळवते, थोरलीला वाटलं.

थोरलीचाही काळा रंग उतरून खालचे पिंगट केस दिसले. मग माईंनी धाकटीच्या पाठीवरून हात फिरवला. "तू मागच्या नळाखाली बस, बाळ. भरपूर पाणी वाहू दे. उरलंसुरलं जाऊ दे." थोरलीकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. "तू धुऊ नकोस. ओल्या केसांवर फडकं बांध आणि उद्या इथेच येऊन सोड. सत्यजल आत मुरू दे. तुला गरज आहे."

दुसऱ्या दिवशी भर हॉलमध्ये फडकं सुटलं. धाकटीचे केस पिंगटच होते. थोरलीचे पुन्हा काळे झाले होते.

सासूबाई तिच्याकडे न बघता टॉवेलाची घडी घालत राहिल्या. माईंनी दुःखाचा सुस्कारा सोडला, सत्यजलाची बाटली थोरलीच्या हातात दिली आणि सांगितलं, "रोज लाव. धुऊ नकोस. मन साफ होईपर्यंत येत राहा."

थोरलीला रडू येत होतं, कारण माई बोलल्या ते खरं होतं. तिला मत्सर वाटतच होता. रात्रंदिवस वाटत होता. चोराच्या मनात चांदणं, तसं तिला झालं होतं. आपल्या डोक्यातलं बाहेर केसांवर आलं, असंच ती धरून चालली.

त्यानंतर दुकानात दोघी जावा पाठीला पाठ लावून काम करू लागल्या. थोरलीला आता एकच उद्योग उरला होता, धाकटीच्या चुका शोधणं. त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. अशातच एका लॉजच्या पांढऱ्या चादरी आल्या. लाल टॉवेलाबरोबर धुतल्यामुळे त्या गुलाबी झाल्या होत्या. असा लागलेला रंग काढायची पांढरी पावडर लाँड्रीत असतेच. धाकटीने टाकीत पावडर टाकली, चादरी बुडवल्या, रंग उडाला, आणि घाई होती म्हणून एकदाच खळबळून वाळत घातल्या. दुसऱ्या दिवशी थोरलीने त्या खाली काढल्या तर कडांना पुन्हा गुलाबी झाक आली होती.

तिला अगदी सोन्याचा घास मिळाला. चादर घेऊन ती धाकटीच्या समोर उभी राहिली.

"कितीदा सांगायचं तुला? या पावडरीचं पाणी कपड्यात राहिलं की रंग परत येतो. आज उडाला म्हणून उद्या—"

ती मध्येच थांबली. टाकीत अजून पावडरीचं पाणी होतं. तिने वाकून वास घेतला. कुजकी अंडी. फक्त गुलाब नव्हता.

"वहिनी?" धाकटी म्हणाली.

"तुला नळाखाली बसवलं," थोरली सावकाश म्हणाली. "मला फडकं बांधून घरी पाठवलं."

धाकटी चादरीकडे पाहत राहिली. ती शास्त्र शाखेची पदवीधर होती, घरात तेवढी एकटीच.

"तुला हे कळलं नाही?" थोरलीने विचारलं. "एवढी शिकलेली तू."

धाकटी म्हणाली, "वास पहिल्याच दिवशी ओळखीचा वाटला होता. पण सगळे टाळ्या वाजवत होते, वहिनी. आई माझ्याकडे बघत होत्या. मी पुढे विचारच केला नाही."

निकाल आपल्या बाजूने लागला की भल्याभल्यांच्या शिक्षणाला डुलकी लागते. थोरली मात्र जागी झाली होती.

"एक सांगते," ती म्हणाली. "मला तुझा मत्सर वाटतो. तुझ्या केसांचा वाटायचा, आता तुझ्या टाळ्यांचा वाटतो. उद्याही वाटेल. पण तो माझा मला माहीत आहे. तो केसांना कळत असेल असं मला आता वाटत नाही."

"आईंना सांगू या?"

"सांगून पटणार नाही. त्यांच्याच हाताने करून घेऊ."

त्यांनी तसंच केलं. थोरलीने मानेवरची एक बट कापली, तिचे दोन झुपके करून दोऱ्याने बांधले आणि सासूबाईंच्या समोर माईंच्याच बाटलीतल्या पाण्यात बुडवले. दोन्ही पिंगट झाले. सासूबाईंनी समाधानाने मान हलवली. "मन साफ व्हायला लागलं म्हणायचं."

"आता एक तुम्ही नळाखाली धरा, आई," थोरली म्हणाली. "हात दुखेपर्यंत धरा. दुसरा ओलाच फडक्यात बांधा. आणि दोन्ही तुमच्याच कपाटात ठेवा, किल्ली तुमच्यापाशी."

सकाळी सासूबाईंनी कपाट उघडलं. धुतलेला झुपका पिंगट होता. बांधलेला काळा झाला होता. त्यांनी दोन्ही खिडकीपाशी नेले, उलटसुलट केले, पुन्हा आणले.

"दोन्ही माझ्याच मानेवरचे आहेत," थोरली म्हणाली. "अर्ध्या केसांना मत्सर आणि अर्ध्यांना नाही, असं असतं का, आई?"

सासूबाईंनी पायात चपला सरकवल्या आणि म्हणाल्या, "चला हॉलवर."

हॉलवर माईंचं प्रवचन रंगात आलं होतं. सासूबाई वाट काढत थेट मंचाशी गेल्या आणि दोन्ही झुपके वर धरून घरात काय घडलं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. माई हसल्या.

"आजी, सत्यजल घरी नेलं की त्याची शक्ती बिघडते."

"मग बाटली घरी कशाला दिलीत?"

"श्रद्धेने लावण्यासाठी. परीक्षेसाठी नाही. परीक्षा घेणाऱ्याला ते उलटं फळ देतं."

"अर्धंच उलटं दिलं की," सासूबाई म्हणाल्या. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

तेवढ्यात धाकटी पुढे आली. आता बोललं की त्या दिवशीच्या टाळ्या परत द्याव्या लागणार, हे तिला ठाऊक होतं. तिने पांढरी बट कानामागे सारली.

"मी ती निर्मळ मनाची," ती म्हणाली. "मला नळाखाली बसवलं होतं. इथे ज्यांचं काळं परत आलं, त्यांना कुठे बसवलं होतं?"

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. "मला फडकं बांधायला सांगितलं," एक बाई म्हणाली. "मलाही," दुसरी म्हणाली. खिडकीपाशी उभी असलेली शिवणकाम करणारी बाई, मत्सरी ठरल्यापासून जिच्याकडे शेजारणी फिरकत नव्हत्या, ती म्हणाली, "मी विचारलं होतं धुऊ का म्हणून. सेविका म्हणाली, धुतलंस तर पाप लागेल." निर्मळ ठरलेल्या साऱ्या नळाखालच्या निघाल्या. मत्सरी ठरलेल्या साऱ्या फडक्याच्या.

"डब्यातला रंग केसांत शिरतो, तिथे त्याला ऑक्सिजन मिळतो आणि तो काळा होतो," धाकटीने सांगितलं. "हे पाणी त्याचा ऑक्सिजन काढून घेतं, मग रंग दिसत नाही. पण तो असतो तिथेच. भरपूर पाण्याने धुतला तर वाहून जातो. तसाच ठेवला तर हवा लागून परत काळा होतो. आमच्या लाँड्रीत चादरींचं हेच होतं, आणि चादरींना जावा नसतात."

आता सगळेच हसले. हसणाऱ्यांत शिवणकाम करणारी बाई नव्हती. ती तोंड फिरवून डोळे पुसत होती.

"म्हणून लाँड्रीची पावडर कुणी डोक्याला लावू नका," धाकटी पुढे म्हणाली. "कातडी सोलून निघेल. नको झालेला रंग काढायचं औषध वेगळं मिळतं. ते आधी थोडं लावून बघा आणि धुताना पाण्याचा कंटाळा करू नका. मनाचा त्याच्याशी संबंध नाही."

माईंना याच वेळी ध्यानाची आठवण झाली. त्या आतल्या खोलीत गेल्या, आतली खोली मागच्या दाराला जोडलेली होती, आणि मागचं दार रस्त्याला. बादली तेवढी मंचावर राहिली.

दुकानाच्या किल्लीचा निकाल सासूबाईंनी यावेळी स्वतःच लावला. कपाटातून किल्ली काढून त्यांनी थोरलीच्या हातात ठेवली. "जिच्या हातच्या कपड्याला रंग परत येत नाही, तिचं दुकान," त्या म्हणाल्या. थोरलीने किल्ली मुठीत घट्ट धरली आणि कितीतरी वेळ सोडली नाही.

धाकटीने अभिनंदन केलं, पण ओठांच्या कडेने. पुढचे काही दिवस ती थोरलीशी कामापुरतंच बोलली. डबा खाताना पाठ करून बसायची. नव्या दुकानाची पाटी लागली तेव्हा तिचं डोकं दुखत होतं. शेवटी एकदा चादरींच्या घड्या घालताना ती स्वतःच म्हणाली, "वहिनी, मला तुमचा फार मत्सर वाटतोय."

थोरलीने तिचं डोकं दोन्ही हातांनी धरलं, खिडकीच्या उजेडात नेलं आणि भांग नीट तपासला. केस होते तसेच होते, पिंगट, भांगाजवळ पांढरी बट. एकही काळा झाला नव्हता.

मत्सर प्रत्येकाला वाटतो. म्हणूनच तर तो ओळखून दाखवणं इतकं सोपं असतं. तुमच्या मनात काय आहे हे कुणी बादलीतून काढून दाखवू लागलं, तर आधी बादलीत काय आहे ते विचारा. आणि मनातलं सांगायचंच झालं, तर ज्याचा मत्सर वाटतो त्यालाच सांगा.