फुटाण्यांनी भरायचा चौकोन

छत्तीसगड वेगळं होऊन रायपूर राजधानी झालं आणि तिथल्या गुढियारी भागातल्या एका लहानशा मराठी शाळेलाही ऐट आली. यंदा आठवीचा निकाल चमकलाच पाहिजे, असं मुख्याध्यापक गुलाबरावांनी मनावर घेतलं. आणि इकडे विनोदिनीबाई पायथागोरसचा सिद्धांत पाठ करून घ्यायचं सोडून पुठ्ठे कापत बसलेल्या!

"बाई, हे काहून करून राहिल्या तुम्ही? पोट्ट्यायले सूत्र घोकू द्या ना," ते म्हणाले. वर अट घातली: आज माझ्यासमोर करून दाखवा. नाही जमलं, तर उद्यापासून गणित दुसऱ्याकडे, तुम्ही सुलेखन शिकवा.

गणित म्हणजे विनोदिनीचा जीव की प्राण, आणि सुलेखन म्हणजे शिक्षाच.

वर्गात गुलाबराव अगदी शेजारी खुर्ची टाकून बसले. तिने पुठ्ठ्याचा काटकोन त्रिकोण ठेवला आणि त्याच्या प्रत्येक बाजूला लागून सारख्याच खोलीचं एकेक उथळ चौरस खोकं मांडलं. तांदूळ फटींतून गळतात, म्हणून बाजारातून फुटाणे आणलेले. पोरांनी दोन लहान खोकी काठोकाठ भरली, तळहाताने सपाट केली. आता तेच फुटाणे मोठ्या खोक्यात ओतायचे. ते नेमकं भरलं की झालं, सिद्धांत डोळ्यांदेखत सिद्ध.

ओतले. आणि मोठ्या खोक्याचा एक कोपरा उघडाच राहिला, चांगला बशीएवढा.

विनोदिनीने फुटाणे पुन्हा सपाट केले; कोपरा तसाच. घरी करून पाहिलं तेव्हा तर बरोबर आलं होतं! खोक्याला दोष द्यावा, तर मापं तिचीच. गुलाबराव खुर्चीतून उठले.

"पाह्यलं? म्हून म्हनतो, घोकलेलं कधी दगा देत नाही."

"सर, नियम गलत नहीं है," मागून रुचिता म्हणाली. एरवी ही पोर नाव विचारलं तरी जमिनीकडे पाहायची. आज ती पुढे आली, पट्टी घेऊन बसली आणि तिन्ही बाजू मोजल्या. "छह इंच. आठ. दस. कोना भी सीधा है. तो चना कम हो ही नहीं सकता." मग तिने वर्गाकडे वळून पाहिलं. "किसी ने खाया है."

तेवढ्यात पहिल्या बाकावरून आवाज आला, कुर्रम! अभिनवचे दोन्ही गाल फुगलेले. शेजारच्यांचेही.

विनोदिनीच्या छातीवरचा धोंडाच उतरला. त्या चोरट्यांना रागवायचं सोडून तिला त्यांच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकावासा वाटला. हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"तू खाताना पाह्यलं काय वं त्यायले?" गुलाबरावांनी रुचिताला विचारलं.

"नहीं सर. देखा नहीं. हिसाब से पता चला."

गुलाबराव खोक्यापाशी आले.

"गनित तुमच्याचकडे राहू द्या, बाई," ते म्हणाले, आणि खाली मान घालून मघाशी स्वतःच्या खिशात टाकलेले मूठभर फुटाणे त्या उघड्या कोपऱ्यात परत टाकले.