शुद्ध केलेली कविता

अंबाजीरावांनी खिशातला रुमाल काढला आणि फळ्यावरची ओळ पुसून टाकली. डस्टर शेजारीच होतं. पण त्यांना रुमालच हवा होता, मुलांच्या नीट लक्षात राहावं म्हणून.

ओळ धनुषची होती. 'अम्माची मिक्सी ओरडते, चटणी सुम्ने ऐकते.' ती वाचून वर्ग नुकताच खिदळला होता.

"हे मराठी नव्हे," अंबाजीराव म्हणाले. "सुम्ने हा कानडी शब्द. मराठीत म्हणायचं निमूट. लिहा सगळ्यांनी, निमूट."

"त्याच्या घरात सुम्नेच आहे, तात्या," वर्ग घेणारी मेघाश्री म्हणाली. "गप्प बसणं पण त्यात येतं, आणि उगाच, काही कारण नसताना, ते पण येतं. तुमच्या निमूटमध्ये एवढं मावत नाही. आणि मघाशी फोनवर नातवाला तुम्हीच म्हणालात, सुम्ने बस म्हणून."

मुलं पुन्हा हसली. आता ती अंबाजीरावांना हसत होती. म्हातारा मागच्या बाकावर जाऊन बसला, आणि तास संपेपर्यंत त्यानं मेघाश्रीवरची नजर हलवली नाही.

म्हैसूरमधली ही शाळा मराठी समाजाची. पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेली मराठी घरं. कुणाचे पूर्वज राजाच्या फौजेत होते, कुणाचे कापड रंगवायचे. आता कुणी बँकेत, कुणी कारखान्यात. मराठी उरली ती स्वयंपाकघरात, तीही अर्धी कानडी. ती तरी जाऊ नये म्हणून शनिवारी दुपारी शाळेत मराठी कवितेचा वर्ग भरायचा. तो अंबाजीरावांनी सुरू केला होता आणि कितीतरी वर्षं एकहाती चालवला होता. त्यांची रीत ठरलेली होती. हात जोडून उभं राहायचं, चालीवर म्हणायचं, चुकला तो तास संपेपर्यंत उभा. त्यातल्या बऱ्याच कविता त्यांच्या स्वतःच्याच होत्या, पूर्वजांच्या तलवारींवरच्या.

त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर कमिटीनं वर्ग मेघाश्रीकडं दिला. ती त्याच शाळेत आठवडाभर समाजशास्त्र शिकवायची. वर्ग गेला हे अंबाजीरावांनी कधी मान्य केलं नाही. दर शनिवारी ते येऊन मागच्या बाकावर बसायचे, आणि मेघाश्रीच्या पाठीला ते तिथं असल्याचं कळत राहायचं.

तिची रीत वेगळी होती. कविता आधी मैदानात चालत चालत म्हणायची, पावलं कुठं अडतात ते बघायचं. मग तीच कुजबुजत म्हणायची, मग भांडल्यासारखी. कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय, ते विचारायचं. घरातून एक आवडता शब्द आणायचा, मग तो कुठल्या का भाषेचा असेना. मुलं शनिवारची वाट बघायला लागली. मेघाश्रीला हे ठाऊक होतं, आणि अंबाजीरावांना ते दिसावं असंही तिला वाटायचं. ती काही साधीभोळी नव्हती. तिचं तोंड तिखट होतं, आणि समोरच्याला लागलं की तिला बरं वाटायचं.

रुमालाच्या प्रकारानंतरच्या शनिवारी तिनं मुलांना सांगितलं, "तुम्हाला ज्याचा राग येतो त्याच्यावर लिहा. माझ्यावर लिहिलं तरी चालेल."

चैत्रानं स्कूलबसवर लिहिलं. भुवननं टी. नरसीपूरच्या संगमावर बुडी मारायला लावणाऱ्या मामावर लिहिलं, तिथलं थंडगार पाणी त्याच्या नाकातून अजून गेलं नव्हतं. यशस्विनी शेवटी उठली. सातवीतली मुलगी, वर्गात फारसं न बोलणारी. तिनं खाली बघतच वाचलं :

अप्पा कडकोळाहून येतो,
चप्पल काढतो, सुम्ने बसतो.
अम्मा विचारते, वाढू का?
तो सुम्ने बसतो.
मी माझे मार्क्स सांगते,
तो सुम्ने हसतो.
मला राग येतो.
मी पण एक दिवस
सुम्ने मोठी होईन.
त्याला सांगणारच नाही.

कुणी हसलं नाही. धनुष म्हणाला, "आमचा पण असाच."

"परत वाच," मेघाश्री म्हणाली. "सावकाश."

यशस्विनीनं परत वाचलं, आणि या वेळी मान वर करून. मागच्या बाकावरून अंबाजीराव उठले आणि बाहेर गेले.

समाजाचा वार्षिकोत्सव जवळ आला होता. कमिटीच्या बैठकीत मेघाश्रीनं सांगितलं की यंदा मुलं स्वतःच्या कविता वाचतील. अंबाजीरावांनी टेबलावर हात आपटला.

"कविता? चटणी आणि चप्पल? बंगळूरहून पाहुणे येणार, त्यांच्यापुढं आमची मुलं हे वाचणार?"

"त्यांना तलवारी ऐकवून काय सांगायचंय? तलवार तर इथं कुणाकडंच नाही, तात्या. मिक्सी सगळ्यांकडं आहे."

"मेघाश्री!" अध्यक्ष गंगाधरराव म्हणाले. त्यांना कुणाशीच वाकडं नको असायचं. "अय्यो, भांडू नका हो. असं करू. मुलांच्या कवितांतली एक घेऊ. ती यशस्विनीची. तात्या तेवढं शुद्धलेखन बघतील. सरी?"

मेघाश्रीनं मान डोलावली. ऱ्हस्व-दीर्घ बदलतील, बदलू देत, असं तिला वाटलं.

अंबाजीरावांनी कविता परत आणून दिली ती अशी :

घरी येती वडील थकुनी,
बसती निमूट श्रम विसरुनी.
मीही होईन एके दिनी मोठी,
फेडीन ऋण तयांचे कोटी कोटी.

मेघाश्रीनं ती स्टाफरूममध्येच मोठ्यानं वाचली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, एकेका शब्दावर ठेचकाळत. दोन शिक्षिकांनी तोंडाला पदर लावला.

"ही तुमची कविता आहे," ती म्हणाली. "तुम्हीच स्टेजवर म्हणा. फ्रॉक घालून."

अंबाजीरावांचा चेहरा पांढरा पडला. "तुला गंमत वाटते," ते हळू म्हणाले. "माझ्या नातवाला मराठीत एक वाक्य धड येत नाही. इथंच हिनकलला राहतो, माझ्याशी इंग्रजीत बोलतो. भाषा अशी मिक्सीत घालून फिरवली, तर उरणार काय? तू पोरांना हसवतेस. मी त्यांना काहीतरी देत होतो."

"तुम्ही त्यांना उभं करत होता."

"बघू," अंबाजीराव म्हणाले आणि गेले.

त्या गुरुवारी देवळात भजन झाल्यावर, प्रसाद घ्यायला थांबलेल्या लोकांसमोर, अंबाजीरावांनी यशस्विनीच्या वडिलांना हाक मारली. किरणकुमार कडकोळच्या एका कारखान्यात मशीनवर होता. अंबाजीरावांनी त्याला ती कविता म्हणून दाखवली. यशस्विनीची आधी, बदललेली मागाहून. "मेघाश्री मिस शिकवतात हे," ते म्हणाले. "तुझी लेक तुला न सांगता मोठी होणार म्हणे." लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "किरण, सुम्ने का बसलास? बोल की!"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना किरणकुमार फाटकाशी उभा होता. यशस्विनी दप्तर पाठीला लावून त्याच्या बाजूला, पायांकडं बघत.

"तुम्ही माझ्या पोरीला माझ्यावर लिहायला लावलं?"

"मी तिला कुणाचं नाव नाही दिलं," मेघाश्री म्हणाली. "तिनं तुम्हाला निवडलं."

"का पण? मी तिला मारतो? दारू पितो? दिवसभर मशीनपुढं उभा असतो मी. कान बधिर होतात. घरी आल्यावर कुणाचा आवाज नको वाटतो, तर ते पण आता गावाला सांगायचं?"

"हेच तिला सांगा ना. तिला हेच तर ऐकायचंय."

"तुम्ही मला शिकवू नका."

"मग तुम्ही माझ्या शाळेच्या दारात ओरडू नका. मुलीला बापाचा राग आला तर काय आभाळ कोसळलं? तिनं चांगलं लिहिलंय. कविता कळत नसेल तर निदान मध्ये येऊ नका."

शब्द तोंडातून गेला आणि मेघाश्रीनं यशस्विनीकडं बघितलं. मुलीचे डोळे भरले होते, पण ती बापाकडं बघत नव्हती. ती मेघाश्रीकडं बघत होती.

किरणकुमार एकदम शांत झाला. "खरंय," तो म्हणाला. "मला कळत नाही. तात्यांनी लिहिलीय ती मला कळते. ती तीच म्हणेल." त्यानं मुलीचा दंड धरला आणि दोघं निघून गेली.

मेघाश्रीनं गंगाधररावांना फोन केला, कमिटीतल्या मनोहररावांना भेटली. सगळ्यांनी एकच सांगितलं : बापाचं म्हणणं आहे, आपण काय करणार. तिनं ठरवलं, कार्यक्रमाला जायचंच नाही. मग वाटलं, न गेले तर म्हातारा म्हणेल पळाली. म्हणून ती गेली.

शाळेचा हॉल भरला होता. पहिल्या रांगेत पाहुणे, अंबाजीराव, आणि मुद्दाम बोलावून बसवलेला किरणकुमार; त्याच्या शर्टाची इस्त्री अजून कडक होती. मेघाश्री तिसऱ्या रांगेत बसली. यशस्विनी नव्या रेशमी परकर-पोलक्यात आली, माइकसमोर उभी राहिली आणि सुरुवात करायच्या आधी तिनं हॉलभर नजर फिरवली. मेघाश्रीवर ती थांबली. जरा जास्तच वेळ थांबली. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी हळूच "म्हण की" म्हटलं.

मेघाश्रीला उठता आलं असतं. ही हिची कविता नाही, एवढं एकच वाक्य म्हणता आलं असतं. हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झालाही होता. पण पुढं किरणकुमारची पाठ दिसत होती, अंबाजीरावांची टोपी दिसत होती, आणि आपण ओरडलो तर उद्या सगळे आपल्यालाच हसतील, हे तिला पक्कं कळत होतं. आजवर हसवत ती होती. हसू तिच्यावर आलेलं नव्हतं.

ती बसून राहिली.

यशस्विनीनं हात जोडून, चालीवर, एकही चूक न करता म्हटलं. 'कोटी कोटी'ला तिनं हात वर केले, तात्यांनी शिकवले होते तसे. टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. अंबाजीरावांनी डोळे पुसले, आणि ते नाटक नव्हतं. किरणकुमार मात्र टाळ्या वाजवता वाजवता थांबला, शेजाऱ्यांकडं बघून पुन्हा वाजवू लागला.

पुढच्या आठवड्यात गंगाधररावांचा फोन आला. "आयतु मेघाश्री, झालं ते झालं. शनिवारचं आता तात्याच बघतील. तू तुझं समाजशास्त्र बघ. तुझ्यावर कुणाचा राग नाही."

"माझा आहे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

शनिवारी दुपारी वर्गातून पुन्हा एकसुरी चाल ऐकू येऊ लागली. धनुष आठवडाभर रुसला आणि मग जाऊ लागला, आईनं पाठवलं. यशस्विनी त्या वर्गाला गेलीच नाही. बापानं सांगूनही नाही, असं कळलं. समाजशास्त्राच्या तासाला ती पहिल्या बाकावरून उठून खिडकीशी जाऊन बसली. मेघाश्रीनं प्रश्न विचारला की उत्तर द्यायची, बरोबर द्यायची, आणि बघायची फळ्याकडं. मेघाश्रीनं एकदा तिला थांबवून "कशी आहेस?" विचारलं. "बरी आहे, मिस," ती म्हणाली आणि मैत्रिणींच्या मागं धावत गेली.

परीक्षा जवळ आल्या होत्या. एकदा जेवणाच्या सुट्टीत मेघाश्री व्हरांड्यात एकटी होती, तेव्हा यशस्विनी सरळ तिच्यासमोर येऊन उभी राहिली. हातात काही नव्हतं.

"मिस, तुम्ही म्हणाला होतात, तुमच्यावर लिहिलं तरी चालेल."

"म्हणाले होते."

"मग ऐका."

आणि ती म्हणू लागली. चाल नाही, हात जोडलेले नाहीत.

मिस म्हणाली राग लिही.
मी लिहिला.
तात्यांनी तो देवळात नेला,
लोकांनी वाटून खाल्ला.
मग धुतला, वाळवला,
स्टेजवर माझ्या अंगात घातला.
अप्पाला पण बोचला.
मिस, तू खुर्चीत होतीस.
तू उठली नाहीस.
तू उठली नाहीस.

व्हरांड्यात बाकीची मुलं डबे बंद करत होती, कुठंतरी नळ वाहत होता. यशस्विनीनं तिला 'तू' म्हटलं होतं आणि ते चुकून नव्हतं. मेघाश्रीला बरंच काही म्हणायचं होतं : मी एकटी होते, तुझा बाप होता, तू तरी का म्हटलीस ती कविता. ते सगळं तिनं गिळलं. मुलगी उत्तरासाठी आलेली नव्हती.

"चांगली आहे," शेवटी ती म्हणाली. "खरी आहे. फक्त शेवटची ओळ दोनदा आलीय."

"माहितेय मला," यशस्विनी म्हणाली. "मुद्दाम आणलीय."

"अप्पांना म्हणून दाखवलीस?"

"हो."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, बोचला नको लिहू, टोचला लिही. मी नाही बदललं."

"का?"

"माझी आहे ती," यशस्विनी म्हणाली. घंटा झाली, तशी ती वळली आणि वर्गाकडं चालू लागली.