सात मिनिटांचा कागद

आमच्या मंडळाचा एकच नियम कडक आहे. कार्डाच्या मागे खरं लिहायचं.

आम्ही अकरा जण आहोत, अकरा वेगवेगळ्या गावांतले. सगळे अजूनही रीळ घालून फोटो काढतो आणि घरातल्या कुठल्यातरी अंधाऱ्या कोपऱ्यात स्वतःच्या हाताने पोस्टकार्डाएवढे फोटो छापतो. दर तीन महिन्यांनी प्रत्येकाने दहा कार्डं करायची आणि बाकीच्या दहा जणांना टपालाने पाठवायची. मागच्या बाजूला कॅमेरा, कागद, किती वेळ उजेड दिला आणि काय चुकलं ते लिहायचं. चूक लपवायची नाही, कारण दुसऱ्याची चूक वाचूनच आपण शहाणे होतो, असं आमच्या यादीवाल्यांचं म्हणणं. यादीवाले म्हणजे नकाशे काढण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. सगळ्यांचे पत्ते तेच सांभाळतात.

माझं चष्म्याचं दुकान आहे. घरी मी आणि माझी मोठी बहीण. तिचं लग्न झालं नाही, माझं टिकलं नाही, तेव्हा आम्ही दोघं एकमेकांच्या डोक्यावर मिरे वाटत सुखाने राहतो. माझी डार्करूम म्हणजे आमचं न्हाणीघर. रविवारी दुपारी मी खिडकीला काळी चादर ठोकतो, लाल दिवा लावतो आणि बादलीवर फळी टाकून ताटल्या मांडतो. मग ताईला हात धुवायचे असले तरी दार ठोठावून परवानगी घ्यावी लागते.

"अंधारात बसून पाण्यात कागद बुडवायला एवढं शिक्षण घेतलंस?" ती बाहेरून विचारते.

आमच्या मंडळात एक पुस्तकं बांधणाऱ्या बाई आहेत. आम्ही त्यांना बाइंडरबाई म्हणतो. त्या कॅमेरा विकत घेतच नाहीत. पुठ्ठा आणि काळं कापड घेऊन स्वतः पेटी बांधतात, पुढे सुईने भोक पाडतात, आत रिळाऐवजी थेट फोटोचा कागद बसवतात. भोकातून उजेड इतका हळू झिरपतो की एका फोटोला पाच-दहा मिनिटं लागतात. पण त्यांच्या पेटीत नको त्या जागेतून उजेडाचा कण शिरला, असं वीस वर्षांत कुणी पाहिलेलं नव्हतं.

आणि बाईंची जीभही सुईसारखीच. मागच्या फेरीत मी पाठवलेल्या कार्डावर त्यांनी उत्तर धाडलं, "तुमचा काळा रंग काळा नाही, मळकट आहे. हायपो जुना झालाय. आळस करू नका." हायपो, म्हणजे छापलेला फोटो पक्का करायचं द्रावण, जुना होता हे खरं होतं, आणि मी ते मागे लिहिलं नव्हतं हेही खरं होतं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

म्हणून त्यांचं पुढचं जाड पाकीट आलं तेव्हा मी ते चार दिवस दुकानाच्या गल्ल्यावर तसंच पडू दिलं. आणखी बोलणी खायची हौस नव्हती. पाचव्या दिवशी सकाळी, एका गिऱ्हाइकाची काच घासायला टाकून, मी रस्त्याकडच्या खिडकीशी उभा राहिलो आणि कात्रीने पाकीट फाडलं. आत काळ्या कागदाची घडी होती. तिचं तोंड उकलून आतलं कार्ड अंगठ्याने ओढलं. अर्धं बाहेर आलं. कोरं होतं, किंचित गुलाबीसर.

आमच्यातल्या कुणालाही हे एका क्षणात कळतं. धुवायच्या आधीचा कागद असा दिसतो, आणि त्याला उजेड लागला की त्यावरचं सगळं जातं. मी कार्ड मागे ढकललं, घडी मिटली, पाकीट उलटं केलं. मागे पेन्सिलीने, त्यांच्या त्या बारीक नेटक्या अक्षरात लिहिलं होतं, "अंधारातच उघडा."

मी वाचलं नव्हतं. त्यांच्या पाकिटांच्या पाठी मी कधी वाचतच नसे.

पाकिटात चिठ्ठीही होती. ती मी गिऱ्हाईक गेल्यावर वाचली, ती अशी:

"माझी डार्करूम मोडली. ह्यांना आता जिना चढवत नाही, म्हणून खालच्या त्याच खोलीत पलंग टाकलाय. सोबतच्या कागदावर ह्यांचा फोटो आहे. पेटीतून काढून तसाच पाठवतेय, धुतलेला नाही. तेवढा धुऊन द्याल का? ह्यांचे हात सारखे थरथरतात, सात सेकंद स्थिर बसवत नाही, पण परवा म्हणाले, काढ माझा फोटो, आणि सात मिनिटं बसले. मी तुम्हाला टोचून बोलते, पण मंडळात नीट धुणारे तुम्हीच. दुसऱ्या कुणाकडे पाठवायला मन धजेना."

मी खुर्चीत बसलो. समोर डोळे तपासायचा तक्ता होता. त्याच्या शेवटच्या ओळीकडे बघत मी किती वेळ बसलो, सांगता येत नाही.

त्या दिवशी लिहायला हवं होतं. "बाई, माझ्या हातून उजेड लागला, ह्यांना परत बसवा." दोन ओळींचं काम होतं. मी रात्री पत्र लिहायला घेतलंही, आणि "माझ्या हातून" इथवर येऊन कागद फाडला. दुसऱ्या कागदावर लिहिलं, "कार्ड धुतलं. पूर्ण काळं आलं. पेटीत कुठूनतरी उजेड शिरला असावा. वाईट वाटलं." त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं खरं होतं. कार्ड मी धुतलंही नव्हतं. ते काळ्या घडीतच पाकिटासकट कपाटात, स्वेटरांच्या खाली घातलं.

आठ दिवसांनी उत्तर आलं.

"पेटी तपासली. मला कुठे फट दिसली नाही. पण आता मला दिसत नाही हेच खरं असेल. वय झालं. तुमचा वेळ घेतला, माफ करा."

माफी त्यांनी मागितली होती. मी ते पत्र ताईला दाखवलं नाही, पण तिने माझं तोंड पाहिलं.

"काय झालं रे? कुणी गेलं का?"

"नाही. कामाचं आहे."

"कामाचं असतं तेव्हा तू आरडाओरडा करतोस. असा मूग गिळून बसत नाहीस."

मी दुकानात निघून गेलो. त्यानंतर दोन महिने मी एकही फोटो छापला नाही. न्हाणीघर मोकळं मिळाल्याचा ताईला आनंद व्हायला हवा होता, तर ती उलट रोज विचारायची, "आज काळोख करायचा नाही का?"

मग यादीवाल्यांचा फोन आला. ते फोन करतात तेव्हा कुणाचा तरी पत्ता बदललेला असतो. मी पेन घेऊन बसलो.

"बाइंडरबाईंचं नाव खोडा. त्या मंडळ सोडतायत."

"का?"

"त्यांचे यजमान गेले, गेल्या महिन्यात. पण सोडायचं कारण ते नाही म्हणाल्या. म्हणाल्या, माझ्या हातावर माझाच भरवसा राहिला नाही. पेटी गळायला लागली. सगळ्या पेट्या मोडून रद्दीत घातल्या, म्हणे. बाइंडिंगचं कामही घेत नाहीत. तुम्हाला काही कल्पना आहे का हो?"

"नाही," मी म्हणालो. एवढ्या दिवसांत खोटं बोलायची ही दुसरी वेळ, आणि पहिल्यापेक्षा सोपी गेली, याची मला जास्त भीती वाटली.

फोन ठेवला तेव्हा ताई दारात उभी होती. मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं ती ओरडेल. ती पलंगावर बसली आणि म्हणाली, "म्हणजे तिचा नवरा जिवंत होता तेव्हा तुला माहीत होतं. तो परत बसू शकला असता."

"हो."

"ते कार्ड कुठाय?"

"स्वेटरांखाली. पण त्यात काही नसणार. उजेड लागला की संपलं."

"अर्धंच ओढलंस ना? उरलेलं अर्धं?"

मी इतके दिवस हा विचार केलाच नव्हता. खोटं बोलताना पूर्ण काळं म्हणालो होतो, आणि स्वतःचंच खोटं मी खरं धरून चाललो होतो.

त्या रविवारी दुपारी मी खिडकीला चादर ठोकली. चित्र उमटवणारा डेव्हलपर नवा केला, नवा हायपो केला. लाल दिव्यात कार्ड ताटलीत सोडलं. वरचा अर्धा भाग बघताबघता काळाभोर झाला. खाली मात्र हळूहळू काहीतरी उमटायला लागलं. खुर्चीचे पाय. दोन पावलं, वहाणांत नीट जुळवून ठेवलेली. आणि मांडीवर दोन हात. पेटीतल्या कागदावर काळं-पांढरं उलटं उमटतं, पण आम्हाला ते सुलटं वाचायची सवय असते. एक हात धुरकट होता, थरथरणारा. दुसऱ्या हाताने त्याचं मनगट घट्ट धरलं होतं. सात मिनिटं.

खालचे दोन्ही कोपरे स्वच्छ पांढरे होते. पेटीतल्या पट्ट्या तिथे कागद धरून ठेवतात, त्यांच्याखाली भोकातला उजेड पोचत नाही. पेटी गळकी असती तर फटीतला उजेड कडेने घुसून ते कोपरे राखाडी झाले असते.

वरच्या काळ्या भागात कडेला एक लांबट फिकट डाग होता, माझ्या अंगठ्याचा. कार्ड ओढताना अंगठा जिथे होता तिथे खिडकीचा उजेड लागला नव्हता. त्या डागाच्या आत एक कान होता आणि चष्म्याची काडी. लोकांचे कान आणि काड्या बघण्यात माझं आयुष्य गेलंय. चेहरा गेला होता, आणि एवढा कान मी चुकून वाचवला होता.

ताईने ते सुकलेलं कार्ड पाहिलं. मी पाकीट शोधायला लागलो तर म्हणाली, "टपालाने पाठवू नकोस. टपालामागे लपायची सवय लागलीय तुला. स्वतः जा."

बसने चार तास लागले. बाईंचं घर म्हणजे खाली एक लांब खोली. एका कोपऱ्यात पुस्तकं दाबायचं यंत्र, त्यावर धुण्याचे कपडे वाळत घातलेले. दुसऱ्या कोपऱ्यात नुसता पलंग, गादी गुंडाळलेली. बाई माझ्या कल्पनेपेक्षा बुटक्या निघाल्या. मी नाव सांगितलं.

"तुम्ही? इतक्या लांब कशाला आलात? बसा, पाणी आणते."

"पाणी नको," मी म्हणालो. "तुमची पेटी गळत नव्हती." आणि कार्ड त्यांच्या हातात दिलं.

त्या खिडकीशी गेल्या. खणातून भिंग काढलं. आधी हात पाहिले, बराच वेळ. मग कोपरे पाहिले, एक, मग दुसरा. मग भिंग वर सरकलं आणि थांबलं.

"हा अंगठा कुणाचा?"

"माझा. दुकानात उघडलं. मागचं वाचलं नाही. मग तुम्हाला खोटं लिहिलं."

त्यांनी भिंग त्या डागावर तसंच धरून ठेवलं. मी उभाच होतो.

"ह्यांनी रोज विचारलं," बाई म्हणाल्या. "फोटो आला का, फोटो आला का. तुमचं पत्र आल्यावर मी सांगितलं, माझ्या हातून गेला. तर म्हणाले, त्यात काय, उद्या परत बसतो. मी म्हटलं, राहू द्या. गळक्या पेटीसमोर कशाला जिवाला त्रास." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "ते बसायला तयार होते हो. मीच नको म्हटलं."

मी माफ करा म्हणालो. ते त्या रिकाम्या पलंगाच्या खोलीत इतकं थिटं वाटलं की अर्धवटच तोंडातून निघालं. बाईंनी ते ऐकल्यासारखंही केलं नाही.

त्यांनी कार्ड उलटं करून टेबलावर ठेवलं. मागची बाजू कोरी होती. खणातून पेन्सिल काढून त्यांनी माझ्यापुढे धरली.

"लिहा. मंडळाचा नियम आहे."

मी टेबलाशी वाकलो. हात थरथरत होता, तो दुसऱ्या हाताने धरावा लागला. मी लिहिलं, "पेटी बाईंची, तिला फट नाही. कागद बाईंचा. सात मिनिटं त्यांच्या यजमानांची. उजेड माझ्या हातून लागला. नंतर मी खोटं बोललो."

बाईंनी ते भिंगाखाली धरून वाचलं. शेवटपर्यंत गेल्या, परत पहिल्यापासून वाचलं आणि कार्ड माझ्याकडे सरकवलं.

"तारीख राहिली," त्या म्हणाल्या.

"आजची?"

"आजची कशाला? उजेड लागला त्या दिवशीची. आणि पत्र पाठवलंत त्या दिवशीची."

कॅलेंडर बघायची गरज नव्हती. दोन्ही मला पाठ होत्या.