पाकळ्यांचा साचा

नवं राज्य झालं, राजधानी इथून भोपाळला गेली आणि तिच्यामागून शेजारच्या कुमुदिनीच्या नवऱ्याचं सरकारी दफ्तरही निघालं. रविवारी त्यांचं सामान न्यायला ट्रक येणार होता. त्याआधी सुमनताईंना या जिवाभावाच्या मैत्रिणीला गोधडी द्यायचीच होती, तीही गल्लीतल्या घराघरांतून गुपचूप मागून आणलेल्या जुन्या लुगड्यांची. पण कात्रीने एवढे तुकडे कधी व्हायचे!

म्हणून टोपी बाजारातलं टोप्या कापायचं यंत्र घरी आलं. संस्थान विलीन होऊन दरबार गेला, तसं टोप्यांचं गिऱ्हाईकही गेलं होतं. "बाईजी, अब टोपी कौन पहनता है? ले जाइए," म्हणत दुकानदार दौलतसिंहांनी ते हातगाडीवर चढवूनच दिलं.

यजमानांनी, फौजेतून निवृत्त झालेल्या महिपतरावांनी, ते टेबलाला बोल्टांनी आवळलं. खाली टोपीच्या तुकड्यांचा, पाकळीच्या आकाराचा पोलादी साचा, धार वर केलेली. त्यावर लुगड्याच्या घड्या, वर फळी, मग चाक फिरवून दाब द्यायचा. सुमनताईंना दम धरवेना. पण पूजा केल्याशिवाय यंत्र चालवायचं कसं? त्यांनी साच्याला ओलं कुंकू लावलं, तेही नेमकं धारेवर.

पहिला दाब दिला, फळी उचलली, तर पांढऱ्या पाकळ्यांना लालभडक किनार!

"अहो, हे काय झालं?"

"यंत्राला सवाष्ण केलंस, आता भोग!" महिपतराव पोट धरधरून हसले.

धार पुसली. पुन्हा दाब. कच्च! सगळ्या घड्या एका दमात कापलेल्या, सगळ्या पाकळ्या एकसारख्या! सुमनताईंनी टाळ्याच पिटल्या. मग काय, चाक थांबेचना. एक लुगडं झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं.

शनिवारी कुमुदिनी निरोप घ्यायला आली, तेव्हा पाकळ्यांचा डोंगर झाला होता आणि टाका एकही पडला नव्हता. कापण्याच्या नादात शिवायचं भानच राहिलं नव्हतं. सुमनताईंना रडू फुटलं.

"तुझ्यासाठीच होती गं गोधडी. आता कुठली व्हायला!"

कुमुदिनीने पाकळ्या चाळल्या. "ही लीलाताईंची ना? आणि ही विजयाबाईंची! सुमन, यातल्या अर्ध्या मला दे. अशाच."

"न शिवता?"

"तिथे दुपारी मी कुणाकडे जाऊन बसू? या शिवत बसेन. उरलेल्या तू इथे शीव. एकाच लुगड्याच्या पाकळ्या दोन्ही घरी."

सुमनताईंनी डोळे पुसले, पदर खोचला. "मग तुझंही एक लुगडं आण. तुझ्यावाचून माझी गोधडी पुरी कशी व्हायची?"

आवळून बांधलेल्या ट्रंकेची दोरी सोडायला कुमुदिनी धावतच घरी गेली.