बाइंदूच्या आईची जागा

वांडीने लसीची पेटी आंब्याच्या सावलीत ठेवली, साबणाने हात धुतले आणि जरा थांबून पुन्हा धुतले. समोर दवाखान्याच्या ओसरीत बायका लेकरं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. एकही उठली नाही.

"किती धुशील रे?" त्यांच्यातली बाइंदू म्हणाली. "त्याच हातांनी आमची माणसं प्लास्टिकमध्ये गुंडाळलीस ना? साबण पुरायचा नाही."

बायका हसल्या. वांडीही हसला, आणि हात पँटला पुसत राहिला.

दवाखान्याच्या कमिटीचा मी चिटणीस. निवृत्त शिक्षक, लिहिता येतं म्हणून नेमलेला. चारचौघांत माझा आवाज फुटत नाही. युद्धात बंडखोरांनी दवाखान्याचे पत्रे काढून नेले. ते आम्ही पुन्हा घातले. मग इबोलाची साथ आली आणि आमच्या दोन्ही नर्स तिच्यात गेल्या. आता भिंतींना नवा रंग होता, उन्हावर चालणारा फ्रिज होता आणि माणूस एकच, वांडी. साथीत तो मृतदेह पुरणाऱ्या तुकडीत होता. तुकडी मोडल्यावर त्याला लस टोचायला शिकवलं. पगार मात्र अजून सुरू व्हायचा होता.

"नदीपलीकडे गोवर आलाय," मी म्हणालो.

"मोठ्यानं बोला मास्तर, आता परीक्षा नाही चाललेली!" मागून कुणीतरी ओरडलं.

बाइंदू हसली नाही. तिने लेकीला, सात्तूला, कडेवर घेतलं. "मी येते पुढे. माझ्यामागून या सगळ्या येतील. फक्त एवढं सांग वांडी, माझ्या आईला कुठे पुरलंस?"

तिची आई, न्यांदा, बायकांच्या दीक्षामंडळाची प्रमुख होती. ओसरीतल्या एकूणएक बाईला तिनेच वयात आल्यावर मंडळात घेतलं होतं. थडग्यावर भात ठेवल्याशिवाय मेलेला माणूस पाणी ओलांडून पितरांकडे जात नाही, असं आमच्याकडे मानतात. मीही मानतो बहुधा.

दवाखान्यामागे मोकळी जागा आहे. तिथे मातीचे उंचवटे, एकावरही पाटी नाही. साथीच्या सुरुवातीच्या दिवसांत नावं लिहून घ्यायला कुणाला सवड नव्हती.

वांडी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मास्तर, एखादी दाखवू का? कुणाला कळणार आहे?"

मी नुसता त्या उंचवट्यांकडे बघत राहिलो.

तो पुढे झाला, बाइंदू त्याच्यामागे, तिच्यामागे बायका. एका उंचवट्याकडे त्याने हात उचलला. मग खाली घेतला.

"ताई, मला माहीत नाही. त्या दिवशी फार होते. सगळ्या पिशव्या पांढऱ्या. खोटं सांगितलं तर तू भलत्याच बाईला जेवू घालशील."

"मग मी कुठे तोंड करून रडू?"

ती सात्तूला घेऊन निघून गेली, आणि बायकाही गेल्या.

तरी दर बाजारच्या दिवशी वांडी पेटी घेऊन आंब्याखाली बसायचा. एकटा दिसू नये म्हणून मी शेजारी बसायचो. संध्याकाळी पेटीतल्या बर्फाचं पाणी व्हायचं, ते तो आंब्याला घालायचा.

गोवर नदी ओलांडून आला. सात्तूचे डोळे चिकटले, अंगावर पुरळ उठलं, धाप लागली. बाइंदूने तिला दवाखान्यात आणलं नाही. आणलं असतं, तरी आत तापाच्या गोळ्यांखेरीज काय होतं?

एका सकाळी ती आली. हातांवर सात्तू, नव्या लुगड्यात गुंडाळलेली, डोक्यावर भाताचं पातेलं. वांडी दचकून उठला आणि सवयीने पेटीकडे वळला.

"पेटी राहू दे," ती म्हणाली. "फावडं घे. तेच तुला चांगलं जमतं."

त्याने मागच्या मोकळ्या जागेत एका कडेला खड्डा खणला. न्हाऊ घालणं तिने घरीच केलं होतं. पोरीला खाली ठेवताना तिने दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. पहिली माती पडेपर्यंत ती नजर न हलवता बघत होती.

"हिची जागा कुणी विचारली तर सांगशील ना?"

"सांगेन, ताई."

मग तिने तांबड्या पामतेलातला भात पोरीच्या मातीवर ठेवला. थोडा वेळ बसली. उठून शेजारच्या उंचवट्यावर चिमूटभर ठेवला, मग त्याच्या पलीकडच्यावर, मग पुढच्या. आई यांतल्या कुठल्याही उंचवट्याखाली असू शकत होती. वांडी पातेलं धरून मागे मागे चालत होता.

भात अर्ध्यावरच संपला.