चतुराबाईच्या जबड्यातली दुसरी वाट

मेंढरू विकत घेताना आप्पाराव मालकाच्या बोलण्यावर कधी गेला नाही. मालक म्हणायचा दोनदाती, म्हणजे कोवळं; आप्पाराव मेंढराचा खालचा ओठ दाबून दात मोजायचा आणि म्हणायचा, "चारदाती हाय की! माणूस खोटं बोलंल, जबडा न्हाई." आष्टीच्या बाजारात त्याचा शब्द शेवटचा. एवढा जाणकार गडी, पण घरातल्या जबड्यापाशी साफ फसला.

बारा वर्षांपूर्वी त्याची बायको चतुराबाई दाढ काढायला गेली होती. बधिर करायची सुई दिल्यावरही चिमटा लागताच ती किंचाळली आणि खुर्चीतून उठून पळाली. "सुई दिल्यावर दुखेलच कसं? नाटकं आहेत नुसती," डॉक्टर म्हणाला. झालं, गावात ती 'पळपुटी चतुरा' झाली. दूध संघाचे चेअरमन मोहनराव तर दिसली की विचारायचे, "काय चतुराबाई, आज कुठं पळायचं?" लोक हसायचे. आप्पारावही हसायचा.

दुष्काळाच्या साली संघाने माळावर चारा छावणी उघडली. आप्पाराव मेंढरं आणि बायको घेऊन तिथेच मुक्कामाला आला. एके दिवशी छावणीत एक्स-रेची गाडी आली आणि तिच्यातून उतरली त्यांचीच लेक, शिवकन्या. ती दातांची डॉक्टर झाली होती आणि पुढचं शिकत होती. खालच्या जबड्याच्या हाडातून नस जाते, तिची वाट माणसागणिक कशी बदलते, हे ती फोटो काढून तपासत होती. आपल्या माळावरच्या माणसांचे जबडे आजवर कुणी बघितलेच नाहीत, म्हणून ती इथे आली होती. मेंढक्याची पोर पांढरा कोट घालून उतरली तेव्हा आप्पारावाने फेटा सोडून पुन्हा नीट बांधला.

चतुराबाईची तीच दाढ पुन्हा ठणकत होती. आठ दिवस ती भाकरी कुस्करून गिळत होती.

"काढू दे ना, माय," शिवकन्या म्हणाली.

"नगं बाई. परत पळाले तर आता तुझी बी लाज जाईल."

"बरं, नुसता फोटो तर काढ."

चतुराबाई यंत्रापुढे ताठ उभी राहिली. यंत्र तिच्या डोक्याभोवती फिरलं आणि पडद्यावर जबडा उमटला. शिवकन्या बघतच राहिली. मग तिने बापाला हाक मारली.

"आप्पा, ही नसेची वाट. बहुतेकांना एकच असते. मायला ह्या बाजूला दोन हायेत. तवाची सुई एका वाटेला लागली, दुसरी जागीच होती. मायला खरंच दुखलं होतं."

ते ऐकून चतुराबाई आपणहून गाडीतल्या खुर्चीत जाऊन बसली. लेकीने सोबत आलेल्या आपल्या सरांना बोलावलं, नेहमीच्या सुईनंतर थोडं वर दुसरी सुई दिली आणि थांबली. दाढ निघाली तेव्हा चतुराबाईने विचारलं, "कवा काढणार?"

मग आप्पारावाला राहवेना. फोटो घेऊन तो चाऱ्याच्या रांगेत जाऊन उभा राहिला. "बगा रं! माझ्या बायकोच्या जबड्यात दोन वाटा हायेत! आन् हुडकल्या माझ्या पोरीनं!" छाती अशी फुगली होती की सदऱ्याची गुंडी तुटते की काय. मोहनरावांनीही हौसेने आपला फोटो काढून घेतला. त्यांची वाट एकच निघाली.

"असू द्या, चेअरमनसाहेब," तोंडातला कापूस सांभाळत चतुराबाई म्हणाली, "समद्यांला थोडीच मिळत्यात!" रांग हसली, आणि या खेपेला चतुराबाईही हसली.

संध्याकाळी आप्पाराव तिच्याजवळ येऊन बसला. "मी बी हसलो तुला. चुकलं माझं."

"मेंढरावाल्याच्या शब्दावर जात न्हाई तुमी, निदान जबडा तरी बगता," ती म्हणाली. "माझा जबडा बी बगितला न्हाई आन् शब्द बी धरला न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी एक व्यापारी मेंढरू घेऊन आला. म्हणाला, दोनदाती. चतुराबाईने ओठ दाबून बघितला. "चारदाती हाय."

"बाईमाणसाला काय कळतंय? आप्पा, तुमी बगा," व्यापारी म्हणाला.

आप्पारावाने हात मागे बांधले.

"बगायचं काय त्यात? तिनं सांगितलं न्हवं?"