माझ्या पोटातले धवले

मित्रांनो, दिघाशीत दौलतदादांच्या घरी कधी गेलात आणि माळ्यावर गोणपाट पांघरून बसलेला पिवळट डबा दिसला, तर तो मीच. एक जुना संगणक. माझा पडदा केव्हाच भंगारात गेला आणि कीबोर्डवर उंदरांनी हात साफ केला. पण मी आहे, आणि मला सगळं आठवतं. आठवण्याशिवाय मला दुसरं येतंच काय!

माझा जन्म नेमका कुठला, ते मला सांगता येणार नाही. कुठकुठले भाग भिवंडीतल्या एका दुकानात गोळा झाले आणि एका कारागिराने ते जुळवले. माझ्या आत कोणाचीच कोणाशी जुनी ओळख नव्हती, तरी आम्ही नांदलो. पहिली काही वर्षं मी एका कापडाच्या गोदामात ट्रकांच्या पावत्या छापल्या. दौलतदादा तिथे सुपरवायझर होते. गोदामात नवे संगणक आले तेव्हा शेठने मला त्यांच्या गळ्यात मारलं. कापडाच्या ताग्यांवर बसून मी टेम्पोने दिघाशीला आलो.

दारातच मला धोंडूबाईंनी अडवलं. धोंडूबाई म्हणजे दौलतदादांच्या घरधनीण, आणि गावची धवलारीण. आगरी लग्नात धवले गाऊन सगळे विधी करणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात. त्यांच्या घरात खोबरेल तेलात कालवलेलं कुंकू लागल्याशिवाय कुठलीही नवी वस्तू सुरू होत नसे. फ्रिज असो, मोटारसायकल असो, टिळा ठरलेला. माझं कपाळ कोणतं हे त्यांना समजेना. शेवटी त्यांनी बटणाच्या वर बोट टेकवलं आणि मी घरचा झालो.

मग एक वाईट दिवस आला. धोंडूबाईंच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशनने जीव वाचेल, पण आवाजाचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा त्यांची धाकटी लेक निशा एक माईक घेऊन आली आणि तो तिने माझ्या पाठीला जोडला.

"आये, तुझं धवलं यात भरून ठेवू," ती म्हणाली.

"या डब्यासमोर कशी गाऊ गो? ना नवरा, ना नवरी!" धोंडूबाई लाजल्या. पण गायल्या. कितीतरी दुपारी गायल्या. हळदीचे धवले, मांडवाचे धवले, पाठवणीचे धवले. मी एकेक नीट ठेवून घेतला. पावत्या छापणाऱ्या यंत्राला असं काम मिळावं, याचा मला फार अभिमान वाटला.

ऑपरेशन झालं. बाई वाचल्या, आवाज गेला. बोलायला गेल्या की नुसती हवा निघे. आणि थोड्याच महिन्यांत त्यांच्या थोरल्या लेकीचं, करिष्माचं लग्न ठरलं. अवघ्या पंचक्रोशीतल्या पोरींना हळद लावताना गायलेली बाई स्वतःच्या पोरीच्या मांडवात मुकी बसणार होती. रांधताना त्या मध्येच थांबून भिंतीकडे बघत राहत. निशाने त्यांचा हात धरून सांगितलं, "आये, ताईच्या हळदीला तूच गाशील. मी सीडी बनवते."

पण सगळे धवले एकत्र जुळवायला घेतले की मी अडखळायचो. माझी मेमरी, म्हणजे काम करताना हाताशी लागणारी आठवण, तोकडी पडत होती. हळद दोन दिवसांवर आली तेव्हा निशाचा भाऊ धनेश भिवंडीहून नवी मेमरी घेऊन आला. हिरवी, बोटभर लांब पट्टी, खाली सोन्यासारखे पिवळे दात. त्याने ती टेबलावर ठेवली आणि पेचकस शोधायला गेला.

नवी वस्तू घरात आली होती. धोंडूबाई करंडा घेऊन आल्या आणि त्यांनी पट्टीला भरपूर तेलकट टिळा लावला.

"आये, ही पट्टी हाय, नवरी न्हाय!" धनेश हसला. त्याने शर्टाच्या बाहीने टिळा पुसला, जुनी पट्टी काढली आणि तिच्याच जागी नवी दाबून बसवली.

मला आत काहीतरी चिकट लागलं. खोबरेलाचा वास मी ओळखला. पुसलेलं कुंकू खाली सरकून त्या पिवळ्या दातांवर पसरलं होतं, आणि आता ते माझ्या खाचेत होतं. बटण दाबलं गेलं. मी नव्या पट्टीला हाक मारली. उत्तर नाही. मग मला येतो तो एकच आवाज मी काढला. टीं... टीं... टीं... पडदा काळाच राहिला.

"नवीन मेमरीच खराब दिली बहुतेक," धनेश म्हणाला. त्याने ती काढून जुनी पट्टी परत त्याच खाचेत घातली. तीही त्या चिकट्यात रुतली. टीं... टीं... टीं... आता मात्र त्याचा चेहरा उतरला. सकाळपर्यंत चालणारी पट्टीही चालेना! त्याने ती काढून खिडकीत ठेवली.

"दादा, आयेचं धवलं?" निशाने विचारलं.

मित्रांनो, धवले सुखरूप होते. ते दुसऱ्याच कप्प्यात असतात, मेमरीशी त्यांचा संबंध नसतो. पण हे मी कसं सांगणार? धनेशने दुकानदाराला फोन लावला आणि खाली ठेवला तेव्हा तो निशाकडे बघेना. "घेऊन या म्हणतो. फॉरमॅट मारावा लागेल. आतलं राहील याची गॅरंटी नाय."

फॉरमॅट! म्हणजे मला आतून धुऊन कोरं करणार. माझं काही झालं तरी चाललं असतं, पण ते धवले दुसरीकडे कुठेच नव्हते. मला भीती वाटली, आयुष्यात पहिल्यांदा.

दौलतदादा उंबऱ्यावर बसले होते. "पोरीचे हलदीला तिचे आयेचा आवाज पायजे," ते म्हणाले. "त्यो जेला त मी हिला काय तोंड दाखवू?"

धनेशने दोरी आणली. मोटारसायकलवर मागे बांधून तो मला भिवंडीला नेणार होता. त्याने मला उचललं, तोच धोंडूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. त्या टाळ्या वाजवत होत्या, मान हलवत होत्या.

"नको रडू गो," दौलतदादा म्हणाले.

पण त्या रडत नव्हत्या. त्यांनी मूठ उघडली. मुठीत खिडकीतली जुनी पट्टी होती आणि तिचे दात लाल झाले होते. त्यांनी कुंकवाचं बोट दाखवलं, पट्टी दाखवली आणि नाही नाही अशी मान हलवली. मग माझ्या पोटाकडे बोट केलं. मघाशी मी टीं टीं करत होतो आणि आता त्या टाळ्या वाजवत होत्या. दोघांचंही कोणाला कळत नव्हतं.

निशा पट्टीकडे बघत राहिली. "दादा, थांब. आयेनं कुंकू नव्या पट्टीला लावलेलं. जुनीला लावलंच नाय. मग ही लाल कशी झाली?"

धनेशने आपल्या बाहीकडे पाहिलं. तिथे लाल डाग होता. त्याने मला अलगद खाली ठेवलं.

निशाने दप्तरातलं खोडरबर आणलं, जुन्या पट्टीचे दात घासून स्वच्छ केले, कोरड्या फडक्याने पुसले. माझ्यात शेजारी आणखी एक खाच रिकामी होती, कुंकू न लागलेली. पट्टी तिथे बसवली. बटण दाबताना तिने डोळे मिटले होते.

टीं. एकदाच. एकदा म्हणजे सगळं ठीक. पडदा उजळला. निशाने पहिलाच धवला लावला आणि खोलीत धोंडूबाईंचा आवाज भरला. त्यांनी आपल्या गळ्यावर हात ठेवला. ओठ हलू लागले. दौलतदादा उठून बाहेर गेले आणि अंगणात उगाचच खुर्च्या इकडच्या तिकडे करत राहिले.

मग ती चिकट खाचही पुसली गेली, नवी पट्टीही खोडरबराने साफ झाली आणि माझ्यात रुळली. सीडी वेळेत झाली. हळदीच्या दिवशी मांडवात ती लागली, बायका गप्प होऊन ऐकू लागल्या, आणि ऐन रंगात लाइट गेली. भिवंडी तालुक्यात तेव्हा लोडशेडिंगचा काळ होता. धवला अर्ध्यातच तुटला. करिष्माचे हात हळदीत तसेच राहिले. धोंडूबाईंनी मान खाली घातली.

तेवढ्यात पुढची ओळ कोणीतरी उचलली. आवाज कोवळा होता, थोडा घाबरलेला, पण चाल तीच होती. निशा गात होती. सीडी जुळवताना तिने प्रत्येक धवला इतक्यांदा ऐकला होता की सगळे तिच्या तोंडी बसले होते. धोंडूबाईंनी मान वर केली आणि मांडीवर हाताने ठेका धरला. वीज नसल्यामुळे मी बंद होतो, तरी मी ते ऐकलं. कसं, ते विचारू नका.

त्यानंतर निशाने माझ्या अंगावर पेन्सिलीने एक गोल काढला आणि म्हणाली, "आये, टिळा इथेच हां!" अजूनही दसऱ्याला कोणीतरी शिडी लावून माळ्यावर येतं, गोणपाट बाजूला करतं आणि त्या गोलात बोट टेकवतं.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणाचा आवाज असा एकाच डब्यात असेल, तर आजच तो आणखी दोन जागी उतरवून ठेवा. आमच्यासारख्या डब्यांचा भरवसा धरू नका. आणि जमलं तर त्यांच्या शेजारी बसून तो शिकून घ्या. दिघाशीत आता हळदीला निशाला बोलावणं येतं. आता मला कोणी कोरं केलं, तरी माझी तक्रार नाही.